डॉल्फिनच्या तारा

भोसरीतल्या एका गिअरच्या कारखान्यात मी ३१ वर्षं हीट ट्रीटमेंटला होतो. निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत मिरच्या लावतात, सोसायटीचे सेक्रेटरी होतात, नाहीतर सकाळच्या कट्ट्यावर बसून देश चालवतात. मी प्लॅस्टिकची विमानं जोडायला लागलो. सुरुवातीची सगळी दुसऱ्या महायुद्धातली, एका पंखाची. चिकटवायची, रंगवायची, कपाटावर ठेवायची. अशी चौदा झाली आणि हात बसला असं वाटायला लागलं. म्हणून बायप्लेन घ्यायचं ठरवलं.

घेतलं ते सॉपविथ डॉल्फिन. १९१८ सालचं ब्रिटिश लढाऊ विमान, प्रमाण १:४८. मूळ विमानाचा पंखविस्तार ९.९१ मीटर, माझ्या टेबलावर तो २०.६ सेंटिमीटर. महिन्याभरात होईल असं घरी सांगितलं होतं. अकरा महिने लागले. हात बसला वगैरे समज पहिल्या पंधरा दिवसांतच उतरला. पुढे जे शिकलो ते सुचेल त्या क्रमानं लिहितो.

१. विमान कुणाचं, ते आधी ठरवा

मुलगा कॉव्हेंट्रीला असतो. त्यानं किट पाठवताना विचारलं, "बाबा, कुठलं विमान?" मी म्हटलं, "कुठलंही चालेल." हे उत्तर चुकीचं होतं. खोक्यात दोन-तीन वेगवेगळ्या विमानांची डेकल्स असतात, त्यातलं दिसायला झकास ते आपण निवडतो आणि मग अकरा महिने कुणाचं विमान करतोय हे आपल्यालाच माहीत नसतं.

खोकं यायच्या वाटेवर असताना वाचनात आलं की पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात चार भारतीय वैमानिक लढले. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय थोडाफार ऐकून माहीत होता. जुलै १९१८ मध्ये १३ दिवसांत त्याच्या नावावर १० विमानं लागली आणि त्याच महिन्यात तो पडला. त्याच्या नावानं पोस्टाचं तिकीटही निघालं. हरदितसिंग मलिक सॉपविथ कॅमल उडवायचे, पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट घालून. पुढे ते फ्रान्समध्ये आपले राजदूत झाले. एरोल सेन जर्मनांच्या हाती सापडला. आणि चौथा आपल्या मुंबईचा: श्रीकृष्ण वेलिंकर. (इंग्रजी नोंदींतलं स्पेलिंग वाचलं तर उच्चार असा होतो.) केंब्रिजला शिकलेला, २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. विमान डॉल्फिन. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवरून परत आला नाही. तीन दिवसांनी, ३० जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी गेला.

माझं वय ६३. शाळेत इतिहास होता, नंतरही बरंच वाचलं. हे नाव एकदाही कानावर आलं नव्हतं. खोकं पोचलं तेव्हा त्यातली डेकल्स मी सरळ बाजूला ठेवली. पुढे जिथे जिथे अडलो तिथे तिथे स्वतःला एकच विचारायचं: जून १९१८ च्या शेवटच्या आठवड्यात, फ्रान्समध्ये, हे असं असेल का?

२. खोक्यावरचं चित्र बघून जोडायला बसू नका

साधारण बायप्लेनमध्ये वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढे असतो. जिन्याची पायरी जशी पुढे येते तसा. डॉल्फिनमध्ये ही पायरी उलटी आहे. वरचा पंख मागे, खालचा पुढे. लांबून बघितलं की कुणीतरी पंखांची अदलाबदल केल्यासारखं वाटतं. सुरुवातीला दोस्तांचेच वैमानिक त्याला जर्मन समजून अंगावर जायचे, इतकं ते अनोळखी दिसायचं.

हे असं का, हे कळेपर्यंत कात्री हातात घ्यायची नाही असं मी ठरवलं आणि ते बरं झालं. डिझायनर हर्बर्ट स्मिथ. कॅमलही त्याचंच. कॅमलच्या वैमानिकाला वर काय चाललंय ते पंखामुळे नीट दिसत नसे. डॉल्फिनमध्ये स्मिथनं वरच्या पंखाचा मधला भागच काढून टाकला. तिथे नुसती पोलादी नळ्यांची चौकट ठेवली आणि त्या चौकटीतून वैमानिकाचं डोकं बाहेर. म्हणजे माणूस पंखात बसलेला, मान पंखाच्या वर. वर आणि पुढे सगळं आभाळ मोकळं. डोकं तिथे आणायचं तर पंख मागे न्यायला हवा, म्हणून ती उलटी पायरी.

नजर मिळाली त्याची किंमतही ठरलेली होती. उतरताना विमान नाकावर उलटलं की जमिनीला पहिलं लागणार ते वैमानिकाचं डोकं. त्या काळात उतरताना उलटणं ही रोजची गोष्ट होती. काही विमानांवर पंखाच्या वर संरक्षणासाठी कमानी बसवल्या गेल्या त्या यासाठीच.

एवढं समजल्यावर किटमधली ती चौकट हातात घेतली. वीस मिलिमीटरही नाही. चार काड्या. साच्याच्या जोडाची रेघ तिच्यावर उभी होती ती अर्धा तास घासत बसलो. एरवी पाच मिनिटांत सोडलं असतं.

३. आपल्या धंद्यातून विमानात शिरा

प्रत्येकाला विमानातलं एक दार ओळखीचं असतं. शिंप्याला कापड कळेल, सुताराला पट्ट्या. मला गिअर सापडले.

डॉल्फिनचं इंजिन २०० अश्वशक्तीचं हिस्पानो-सुइझा. आठ सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं, आणि प्रोपेलर सरळ क्रँकवर न बसवता मध्ये रिडक्शन गिअर. इंजिन जोरात फिरावं आणि प्रोपेलरनं त्या मानानं सावकाश फिरावं, यासाठी. कल्पना उत्तम. पण ही इंजिनं बनवणाऱ्या काही कारखान्यांतून आलेल्या गिअरना नीट टणकपणा दिलेला नव्हता. दाते झिजायचे, मोडायचे. पुढच्या आवृत्तीत तर गिअर काढूनच टाकले.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगताना लाज वाटते, पण खरं आहे. भट्टीतून काढलेला गिअर मऊ निघाला की आमच्याकडे लॉट रिजेक्ट व्हायचा, चार शिव्या बसायच्या, कागद भरायचे, विषय संपला. मऊ गिअर घेऊन कुणी ३००० मीटरवर गेलेलं नसायचं. टणकपणा तपासायच्या यंत्रासमोर मी किती वेळा डुलकी काढली असेल त्याचा हिशेब मनात सुरू झाला.

कामापुरतं सांगायचं तर असं: मध्ये गिअरची एक जोडी आली की प्रोपेलर क्रँकच्या उलट दिशेनं फिरतो. त्यामुळे प्रोपेलरच्या पात्याचा पीळ तुम्ही निवडलेल्या इंजिनाशी जुळायला हवा. गिअरवाल्या इंजिनाचा शाफ्टही वरच्या अंगाला असतो. स्पेअरच्या डब्यातला दुसरा सुबक प्रोपेलर उचलून लावला तर हे विमान उडताना मागे जाईल. प्रदर्शनात अशी मागे जाणारी विमानं मी पाहिली आहेत. पारितोषिक मिळालेलीही.

४. झाकलं जाणारं आधी रंगवा, पण त्यात रमू नका

फ्यूजलाजचे दोन अर्धे एकदा चिकटले की आतलं गेलं. म्हणून कॉकपिट आधी. लाकडाचा भास आणायला मी महागडे रंग मागवणार होतो. मग नातीच्या दप्तराशेजारी कॅम्लिनच्या ऑइल कलरची जुनी ट्यूब दिसली. बर्न्ट सिएना. फिकट पिवळट मॅट रंगाचा आधी हात द्यायचा, तो दोन दिवस वाळू द्यायचा, मग टाचणीच्या डोक्याएवढा ऑइल कलर घेऊन कडक ब्रशनं एकाच दिशेनं ओढायचा. ब्रशचे केस आपोआप रेषा पाडतात. सागवानासारख्या रेषा आल्या तर पुसा. १:४८ मध्ये सागवानाची एवढी मोठी नक्षी म्हणजे वडाच्या झाडातून विमान कोरल्यासारखं दिसतं. रेषा जेमतेम जाणवाव्यात.

सॉपविथच्या विमानाला उंट छापाचा रंग लागला याचा मला फार आनंद झाला. सॉपविथचं सगळ्यात गाजलेलं विमान कॅमलच. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "अहो, चहा निवला."

रमण्याबद्दल: सीटच्या पट्ट्यांची बक्कलं मी शिशाच्या पत्र्यातून कापली, पाच दिवस घालवून. आता बॅटरी मारली तरी त्यातलं एकच दिसतं.

५. फासळ्या घासा

कापडी पंखाचं मॉडेल असलं की साचा बनवणारे उत्साहात येतात. दोन फासळ्यांमधलं कापड असं खोल दाखवतात की दुष्काळातल्या बैलाची आठवण यावी. खरं लिननचं कापड डोपचे थर दिल्यावर आक्रसून ताठ बसायचं. पॉलिश पेपर ओला करून पंखावर फिरवा, फासळ्या बोटाला कळतील पण डोळ्यात भरणार नाहीत एवढ्या ठेवा. माझा एक पंख जास्त घासला गेला. तो खालचा आहे, म्हणून वाचलो.

६. नेलपॉलिश रिमूव्हर टेबलावर नको

फेव्हिक्विकनं माझं बोट आणि खालचा उजवा पंख एक झाले. नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या अ‍ॅसिटोननं फेव्हिक्विक सुटतं, हे बरोबर. अ‍ॅसिटोननं पॉलिस्टायरीनही विरघळतं, हे माहीत असूनही त्या क्षणी आठवलं नाही. बोट सुटलं. पंखाच्या टोकाला साखर ओली झाल्यासारखा चिकट खड्डा पडला. तीन वेळा पुट्टी भरली, घासली. कोमट साबणाचं पाणी आणि धीर, एवढ्यानंही बोट सुटतं.

७. वरच्या पंखासाठी वेगळा दिवस ठेवा

बायप्लेनची सगळी परीक्षा इथे आहे. एकपंखी विमानात पंख फ्यूजलाजला बसतो, बरा-वाईट जो काय कोन येतो तो दोन्ही बाजूंना बघून सुधारता येतो. इथे वरचा पंख काड्यांवर उभा. डॉल्फिनला प्रत्येक बाजूला दोन बे, म्हणजे स्ट्रटच्या दोन-दोन जोड्या. एका बाजूला चार, दोन्ही बाजूंना मिळून आठ काड्या आणि मधली ती चौकट. सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या खळग्यात बसायचं. एक बसवली की दुसरी उठते. लग्नाच्या मांडवात फोटोसाठी मंडळी उभी करताना जसं होतं तसं.

पहिल्या प्रयत्नात मी हातानं धरून चिकटवलं. सकाळी मोजलं तर वरचा पंख डावीकडे दीड मिलिमीटर पुढे आला होता. दीड मिलिमीटरनं काय होतंय? मूळ विमानावर ते ७ सेंटिमीटर. आमच्या कारखान्यात दोन शंभरांश मिलिमीटरसाठी मी हेल्परवर ओरडलेलो आहे. ब्लेडनं सगळे जोड सोडवले. दोन स्ट्रट मोडले. ते पितळी तारेला चपटं करून नव्यानं केले.

दुसऱ्या वेळी जिग केला. नातीचे लेगोचे ठोकळे. त्यांची मापं इतकी अचूक असतात की आमच्या टूलरूमच्या माणसानं खूश व्हावं. खालचा पंख ठोकळ्यांवर समपातळीत बसवला. वरच्यासाठी दोन बाजूंना सारख्या उंचीचे मनोरे उभारले आणि मागे एक भिंत, वरच्या पंखाची मागची कड टेकवायला. उलटी पायरी किती, हे नकाशावरून मोजून भिंत तेवढी सरकवली. मग दोन्ही पंखांच्या टोकांवरून दोऱ्याला छर्रा बांधून ओळंबे सोडले. डावीकडचा आणि उजवीकडचा ओळंबा खालच्या कागदावर सारखाच पडायला हवा. पडेना. अर्धा तास शोधत होतो. शेवटी लक्षात आलं, टेबलच कललंय. एका पायाखाली नातीनं कधीतरी घातलेली पुठ्ठ्याची घडी निघून गेली होती.

पहिले तीन जोड मी फेव्हिक्विकनं न करता सावकाश वाळणाऱ्या गोंदानं केले. दहा मिनिटं हलवता आलं पाहिजे. विमान त्या पिंजऱ्यात दोन दिवस होतं. नातीला ठोकळे हवे होते. "आजोबा, तुमचं विमान माझ्या घरात का राहतंय?" हा प्रश्न दोन दिवसांत आठ-नऊ वेळा आला.

८. तार काय करते, हे विचारल्याशिवाय लावू नका

बायप्लेन म्हटलं की लोक तारांना घाबरतात. मीही घाबरलो. किटच्या कागदावर तारांचं जे चित्र होतं ते बघून तर कोळ्यानं कुणावर तरी राग काढलाय असं वाटलं. पाठ करायचा प्रयत्न केला, जमेना. आणि मग एक दिवस वरणभात खाता खाता उलगडलं.

विमान हवेत असतं तेव्हा पंख त्याला उचलतात. म्हणजे पंखांची टोकं वर जायला बघतात. त्यांना खाली धरून ठेवणाऱ्या तारा खालून, फ्यूजलाजच्या बाजूनं निघतात आणि बाहेर वर जातात. या फ्लाइंग वायर. विमान जमिनीवर असतं तेव्हा उलट. पंखांचं वजन त्यांना खाली ओढतं. त्यांना तोलणाऱ्या तारा वरून, मधल्या चौकटीकडून निघून बाहेर खाली येतात. या लँडिंग वायर. या दोघींची फुली होते. पुढच्या आणि मागच्या स्ट्रटमध्ये आणखी एक छोटी फुली असते, ती पंखाला पीळ पडू देत नाही. संपलं. बाकीच्या तारा म्हणजे सुकाणूकडे, एलेव्हेटरकडे, एलेरॉनकडे जाणारे केबल, ओढायचे. त्या चित्रातला सगळा गुंता तीन-चार प्रकारच्या कामांत बसला. नंतर कागद बघावाच लागला नाही. एखादी तार कुठे जाते हे विसरलो की पंख हातानं वर उचलल्यासारखं करायचं, कुठे ताण येईल ते बघायचं, तिथे तार.

जास्त जोर फ्लाइंग वायरवर, म्हणून त्या काळच्या कित्येक ब्रिटिश विमानांत त्या जोडीनं असत. एक गोळीनं तुटली तर दुसरी आहे. मॉडेलमध्ये ही जोडी एकेरी दाखवली तर चालतं, असं बरेच जण म्हणतात. कामाला लागण्याआधी मीही म्हणायचो.

धाग्याबद्दल थोडं सविस्तर, कारण हा भाग कुणी नीट सांगत नाही. मी तीन गोष्टी वापरून पाहिल्या. पहिली, मासेमारीचा नायलॉन. बारीक मिळतो, मजबूत असतो, पण वळण सोडत नाही आणि ओढला की ज्या पंखासाठी दोन दिवस ओळंबे सोडले तोच वाकतो. दुसरी, ताणलेला स्प्रू. किटचे सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला लागलेले असतात ती काडी निरांजनाच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लागता धरायची, फिरवत राहायची. मधला भाग चकाकायला लागला आणि किंचित लवला की बाजूला काढून एका दमात दोन्ही हात लांब करायचे. काडीतून केसासारखा धागा निघतो. हळू ओढला तर जाड, जोरात ओढला तर बारीक. गार व्हायला दोन सेकंद. असा धागा मोजून कापून चिकटवायचा आणि तो सैल वाटला तर पेटती उदबत्ती जवळ न्यायची. ऊब लागली की धागा आक्रसतो आणि डोळ्यांदेखत सरळ होतो. हे पहिल्यांदा बघताना मी चक्क "अरे वा" म्हणालो. जरा जास्त जवळ गेली की तुटतो आणि दोन्ही टोकांना बारीक गोळे उरतात. पहिल्या संध्याकाळी अकरा तारा लावल्या आणि सात तोडल्या. देवघरातली उदबत्ती संपली ती वेगळी तक्रार.

शेवटी बऱ्याच तारा तिसऱ्या प्रकारानं केल्या: मुलानं पाठवलेला लायक्राचा लवचीक धागा. थोडा ताणून लावला की ताठ राहतो, पंखाला ओढत नाही, बोट लागलं तरी परत जागेवर येतो. गोंदाचा थेंब सुईच्या टोकावर घ्यायचा. जास्त झाला तर जोडापाशी पांढरी बुरशी आल्यासारखा डाग पडतो. स्ट्रटमधल्या बारीक फुल्यांना मात्र स्प्रूच ठेवला. तो जास्त सरळ दिसतो.

आणखी एक. मूळ विमानातल्या या तारा गोल नव्हत्या. हवा कापली जावी म्हणून त्यांचा छेद मसुराच्या डाळीसारखा, दोन्ही कडांना निमुळता होता. १:४८ मध्ये हे करायच्या भानगडीत मी पडलो नाही. पडलेले लोक आहेत. त्यांना नमस्कार.

ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानाला एक फिटर आणि एक रिगर असायचा. फिटर इंजिन बघायचा, रिगर तारा. 'फिटर' शब्द आपल्याकडे अजून नांदतोय, भोसरी-पिंपरीत दर दुसऱ्या घरात एक. रिगर आला नाही. संध्याकाळी विमान उतरलं की रिगरनं तारा तपासायच्या, जिला गोळी चाटून गेली असेल ती बदलायची, पंखांचे कोन पुन्हा मोजायचे. सकाळी विमान परत तयार. माझ्यासारखाच कुणीतरी, युनिफॉर्मात, चिमटीत तार धरून. २७ जूनच्या सकाळी वेलिंकरच्या विमानालाही असा एक रिगर असणार.

९. बंदुका लावायच्या की नाही

डॉल्फिनला पुढे दोन व्हिकर्स मशीनगन, आणि वरच्या चौकटीच्या पुढच्या दांड्यावर दोन ल्यूइस, आकाशाकडे तिरक्या रोखलेल्या. शत्रूच्या टेहळणी विमानाच्या पोटाखालून मारा करायचा ही योजना. किटमध्ये दोन्ही ल्यूइस फार सुंदर केल्या होत्या. प्रत्यक्षात त्या गोल फिरून वैमानिकाच्या तोंडावर आदळायच्या, म्हणून बहुतेकांनी त्या काढून टाकल्या. मीही काढल्या. वरच्या दांड्यावर काही नाही. बघायला येणाऱ्यांना विमान तिथे रिकामं वाटतं. वाटू दे.

१०. पावसाळ्यात वार्निश नको, रंगाच्या वादात तर मुळीच पडू नका

ब्रिटिश विमानांच्या वरच्या बाजूच्या रंगाचं नाव पीसी१०. तो तपकिरी होता की हिरवा, यावर जगभरची मॉडेलवाली मंडळी वर्षानुवर्षं भांडतात. त्यात लोहाचं पिवळसर ऑक्साइड आणि काजळी होती. काजळी किती, वरून वार्निश कुठलं, उन्हात किती दिवस, यावर तो हिरवटाकडून चॉकलेटीकडे सरकायचा. म्हणजे भांडणारे दोघंही बरोबर असू शकतात, आणि त्यामुळेच भांडण मिटत नाही. मी कोकमाच्या आगळात थोडं शेवाळ मिसळल्यासारखा रंग केला. खालची बाजू बिनरंगी डोप दिलेल्या लिननची, सायीच्या रंगाची. सुकाणूवर तीन पट्टे: निळा पुढे, मग पांढरा, तांबडा शेवटी. हा क्रम पुढे १९३० च्या सुमाराला उलटा झाला, त्यामुळे नंतरच्या विमानाचा फोटो बघून रंगवलंत तर चुकेल.

रंग जुलैत झाला आणि मला धीर नव्हता. बाहेर आठ दिवस झड लागलेली. मॅट वार्निश मारलं आणि दहा मिनिटांत सगळ्या वरच्या पंखावर पांढरं धुकं. वार्निशमधलं द्रावण उडताना पृष्ठभाग गार करतं, हवेतली वाफ त्यावर जमते आणि थरात अडकते. भट्टीजवळ ३१ वर्षं काढलेल्या माणसाला दवबिंदू समजावून सांगायला नको होता. तेच वार्निश कोरड्या दिवशी पुन्हा पातळ मारलं तर पुष्कळसं धुकं जातं, पण कोरडा दिवस यायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात गणपती आले. टेबल मखरासाठी लागणार होतं. विमान बुटांच्या खोक्यात, खोकं कपाटावर, आणि त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हलवू नये." गौरींच्या दिवशी ते खोकं हललं. एक लँडिंग वायर सुटली. कुणी हलवलं हे मी विचारलं नाही. घरात राहायचं आहे.

११. पहिलंच बायप्लेन असेल तर

डॉल्फिन आता दिवाणखान्यात काचेच्या पेटीत आहे. खाली पितळी पट्टी केली आहे, कारखान्यातल्या जुन्या मित्रानं कोरून दिली: विमानाचं नाव, २३ स्क्वाड्रन, वेलिंकर, मुंबई, जून १९१८. वेलिंकरची कबर फ्रान्समध्ये, सोमच्या भागातल्या हांगार्ड गावाच्या दफनभूमीत आहे. मुलाला सांगून ठेवलंय, त्या बाजूला गेलास तर जाऊन ये.

हे वाचून कुणाला हुरूप आला तर एक विनंती. सुरुवात डॉल्फिननं करू नका. टायगर मॉथ घ्या. आपल्या हवाई दलातले कित्येक वैमानिक त्याच विमानावर उडायला शिकले. किट सहज मिळतं, प्रत्येक बाजूला एकच बे आहे, तारा मोजक्या आहेत, वरचा पंख सरळ पुढे आहे. प्रशिक्षणाचं पिवळं विमान करा. त्या पिवळ्या रंगावरून अजून तरी कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. आणि वार्निश दसऱ्यानंतर मारा.